घरातला कुत्रा ठेवण्यावरून नवऱ्याशी मतभेद: आमच्या बंड्याचे काय करावे?

सांजवात (धागाकर्ती)

हा धागा काढावा की नाही, याचा मी आठवडाभर विचार करत होते. घरातली गोष्ट चारचौघांत नेऊ नये असे आमच्याकडे मानतात आणि ते मलाही पटते. परंतु नवऱ्याशी बोलायला बसले की तिसऱ्याच वाक्याला आवाज चढतो, आणि माहेरी बोलले तर पुरते ऐकण्याआधीच माझी बाजू घेतली जाते. म्हणून शेवटी इथे लिहिते आहे.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचके सदनिकेत राहतो. मी, नवरा, 14 महिन्यांची लेक, वर्षातले निम्मे महिने सासूबाई आणि 9 वर्षांचा बंड्या, एवढी घरची माणसे. बंड्याला मी समजून-उमजूनच माणसांत धरले आहे, कारण या घरात तो माझ्या चार वर्षे आधी आला. नवरा नोकरीला लागून एकटा राहत होता तेव्हा त्याने हे पिल्लू आणले. अंग आणि लोंबते कान लॅब्रॅडॉरचे, शेपूट मात्र गावठी कुत्र्यासारखे पाठीवर वळलेले. लग्न ठरताना बंड्या आपल्याबरोबरच राहील असे त्याने मला स्पष्ट सांगितले होते आणि मी ते मनापासून मान्य केले होते. मला कुत्र्यांचा तिटकारा नाही. आठव्या महिन्यात मला रात्र रात्र झोप लागत नसे. तेव्हा मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे आणि तो न बोलावता उठून यायचा, माझ्या पावलांवर हनुवटी टेकवून पडायचा. ते मी विसरलेले नाही, त्यामुळे पुढचे लिहिणे मला जड जाते आहे.

लेक झाल्यावर घराची घडी बदलली. नवरा सकाळी सहाला बंड्याला फिरवून आणतो, आठला हिंजवडीला निघतो आणि रात्री साडेआठच्या सुमारास परततो. दुपारचे आणि संध्याकाळचे फिरवणे माझ्याकडे आहे, म्हणजे एका हातात पट्टा आणि कडेवर मूल. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर चारही पंजे पुसायचे, मग फरशी पुसायची, सतरंजीवरचे केस गोळा करायचे, सासूबाई शाकाहारी असल्यामुळे त्याचे चिकन वेगळ्या भांड्यात आणि त्यांची पूजा आटोपल्यावर शिजवायचे, आणि हे सगळे लेकीच्या झोपेच्या वेळा सांभाळून. माझे माहेर नागपूरचे. रेल्वेत कुत्रा बरोबर न्यायचा तर पहिल्या वर्गाचे कूपे मिळावे लागते, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवावे लागते. त्यामुळे दोन दिवाळ्या मी एकटीच माहेरी गेले आणि नवरा बंड्यासाठी मागे राहिला.

हे सगळे मी निभावून नेत होते. श्रावणातल्या एका मंगळवारी मात्र जे झाले त्यानंतर माझा धीर सुटला. लेक सोफ्याला धरून धरून चालत बाल्कनीच्या दारापाशी गेली. तिथे बंड्या पडला होता. तिने त्याचा कान मुठीत धरून ओढला. त्याने आधी तोंड फिरवले आणि दोनदा नाक चाटले. हे मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. मग तो खोल आवाजात गुरगुरला आणि मी पोहोचेपर्यंत त्याने तिच्या हातावर तोंड टाकले. मनगटापासून करंगळीपर्यंत एक लाल रेघ उमटली होती, रक्त आले नव्हते. मी तिचा हात नळाखाली धरून घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणाने धुतला. ती रडत होती आणि बंड्या दिवाणाखाली जाऊन बसला होता. बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की बंड्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली असली तरी त्या भरवशावर राहता येणार नाही. ही दुसऱ्या श्रेणीची इजा आहे, लस आजच सुरू करायची. पहिली सुई त्याच दिवशी मांडीत दिली, पुढच्या 3ऱ्या, 7व्या, 14व्या आणि 28व्या दिवशी ठरल्या, आणि बंड्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितले.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटले की बंड्यासाठी दुसरे घर शोधू या. तो म्हणाला, "तो कुठेही जाणार नाही. तू मुलीवर लक्ष ठेव." हे वाक्य तेव्हापासून माझ्या घशाखाली उतरलेले नाही. मी म्हटले की तुला लेकीपेक्षा कुत्रा जवळचा आहे. तो म्हणाला की मी निमित्त शोधतच होते. आम्ही दोघेही खोटे बोललो हे दोघांनाही कळते, पण शब्द मागे घ्यायला कोणी तयार नाही. आता जेवताना फक्त मीठ-पाणी मागण्यापुरते बोलणे होते.

9 वर्षांच्या कुत्र्याला दुसरे घर देणे त्याच्यावर अन्याय ठरेल का? आणि ज्या प्रश्नात अर्धे ठेवणे आणि अर्धे देणे शक्यच नाही, तिथे दोघांनी एकमत कसे करायचे? ज्यांच्या घरात असे घडले आहे त्यांनी कृपया लिहावे.

कोकणकडा

ताई, कुत्रा हा अंगणातला प्राणी आहे. आमच्याकडे राजापूर तालुक्यात घरोघरी कुत्री आहेत, परंतु कोणी त्यांना माजघरात घेत नाही आणि मुलांशी त्यांचा असा प्रसंगही येत नाही. सदनिकेत कोंडून ठेवल्याने कुत्रा चिडतो. ओळखीच्या कोणाची शेती असेल तर तिथे पाठवा, तो मोकळा राहील आणि तुमच्याही घरात शांतता येईल.

नवा सभासद

मूल आधी. यात चर्चा करण्यासारखे काय आहे ते मला समजले नाही. आजच्या आज द्यावे.

रानवारा

मी गेली बावीस वर्षे पशुवैद्यक म्हणून काम करतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, तुम्ही जखम धुतली, तिखट-चुना-हळद यांपैकी काहीही लावले नाही आणि त्याच दिवशी लस सुरू केली, हे अत्यंत योग्य झाले. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून घरच्या कुत्र्याच्या बाबतीतही हयगय चालत नाही. हे इतरांसाठीही लिहून ठेवतो.

आता बंड्याविषयी. त्याने तोंड फिरवले, नाक चाटले, मग गुरगुरला आणि त्यानंतर दात लावला, असे तुम्ही लिहिले आहे. इतके बारकाईने पाहणारे पालक माझ्याकडे क्वचित येतात. कुत्रा बोलतो तो असाच, पायरीपायरीने. तोंड फिरवणे, ओठ-नाक चाटणे, झोप नसताना जांभई देणे, अंग ताठ करणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहणे, ही सगळी 'मला नको आहे' असे सांगण्याची त्याची भाषा आहे. गुरगुरणे हा शेवटचा इशारा. पुष्कळ घरांत कुत्रा गुरगुरला की त्याला मार बसतो. मग तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. म्हणून त्याला त्या दिवशी मारले असेल तर पुन्हा मारू नका.

माझा मुख्य प्रश्न वेगळा आहे. 9 वर्षे ज्याने कोणाला दात लावला नाही, त्याने आताच का लावला? लोंबत्या कानांचा कुत्रा, पावसाळा आणि कान ओढल्यावरची प्रतिक्रिया, हे तीन धागे एकत्र आले की मला आधी कानाची शंका येते. दमट हवेत अशा कानांत बुरशी वाढते. कान आतून लाल होतो, तपकिरी मळ येतो, आंबूस वास येतो आणि साध्या स्पर्शानेही कळ जाते. दुसरी शंका सांध्यांची. या अंगाच्या कुत्र्यांत नवव्या वर्षी कमरेचे सांधे झिजलेले असणे नेहमीचे आहे. उठताना वेळ लागतो का, जिना चढायला टाळतो का, ते पाहा. दुखणाऱ्या कुत्र्यावर स्वभावाचा ठपका ठेवू नये, आणि त्याच वेळी दुखणाऱ्या कुत्र्याजवळ चालायला शिकणारे मूल एक क्षणही एकटे ठेवू नये. ही दोन्ही वाक्ये सारख्याच वजनाने घ्या. एक सूचना आवर्जून करतो, घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असेल म्हणून सांगतो. सतरंजीवरचे केस मुलीच्या तोंडात गेले तर घाबरून जाऊ नका. जंतांची जी अंडी मुलांना बाधतात ती विष्ठेतून पडल्यावर साधारण दोन आठवडे जमिनीत पक्व व्हावी लागतात. दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध, विष्ठा लगेच उचलणे आणि गोचिडांवर नियमित उपाय, एवढे केले तर तो धोका बराच आटोक्यात राहतो.

कोकणकडा यांच्या सूचनेबद्दल आदराने असहमत आहे. नऊ वर्षे गादीजवळ झोपलेल्या कुत्र्याला उतारवयात एकाएकी शेतावर सोडणे म्हणजे त्याला मोकळे करणे नव्हे. तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत, गोचीडताप होतो, आणि जुन्नर-अकोले भागात तर बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे.

आधी तपासणी करा. निर्णय त्यानंतर घ्या, आणि तो कोणताही असू शकतो.

सांजवात

रानवारा, मनापासून आभार. उठताना तो गेले काही महिने आधी पुढचे पाय ताणतो आणि मग मागचा भाग ओढल्यासारखा उचलतो. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. कानांचा वास मलाही आला होता, तो ओल्या अंगाचा असेल असे मी धरून चालले.

'नवा सभासद' यांना एवढेच सांगते की 'मूल आधी' हे मीच नवऱ्याला दहा वेळा म्हटले आहे. ते खरे आहे, आणि तरीही त्याने काही सुटले नाही, कारण तोही आपल्या परीने तेच म्हणतो आहे.

मुळाकाठ

तुमच्या नवऱ्याचे ते वाक्य वाचून मी थांबलो, कारण सात वर्षांपूर्वी ते मी माझ्या पत्नीला जवळपास त्याच शब्दांत म्हटले होते. आमची डॉबरमन कुत्री होती आणि जुळी मुले नुकतीच रांगू लागली होती. म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

'तो कुठेही जाणार नाही' असे मी म्हटले तेव्हा मला मोठा निष्ठावंत असल्यासारखे वाटले होते. प्रत्यक्षात मी निर्णय माझ्याकडे ठेवला होता आणि त्या निर्णयाची मजुरी पत्नीला लावली होती. कुत्री राहणार हे मी ठरवायचे, आणि कुत्री राहिल्यामुळे वाढणारी राखण, पुसणे, घाबरणे हे तिने करायचे. मला हे त्या वेळी कोणी सांगितले असते तर मी चिडलो असतो. मला ते कळले ते एका वहीमुळे. पत्नीने भांडण बाजूला ठेवून आठवडाभर कुत्रीसाठी केलेले प्रत्येक काम लिहून ठेवायला सांगितले, दोघांनीही, वेळ टाकून. रविवारी पाहिले तर वहीत 52 नोंदी होत्या आणि त्यांत माझ्या 9. मी जे करत होतो ते मला दिसत होते, कारण ते मी करत होतो. उरलेले आपोआप होते असे मी धरून चाललो होतो.

त्यानंतर मी बोललो ते एवढेच की कुत्री ठेवण्याचा आग्रह माझा आहे, तर तिचे काम आजपासून माझे. ऑफिसला जाण्याच्या दिवसांसाठी फिरवणारा मुलगा पगारावर ठेवला, तो खर्च माझ्या खर्चातून काढला, आणि रात्रीचा केर-फरशी मी घेतली. पत्नीचा विरोध त्याने मावळला असे मी लिहिणार नाही. ती पुढेही दोन वर्षे कुत्री खोलीत आली की मुलांना उचलून घेत असे, आणि मी तिला त्याबद्दल कधी टोकले नाही. एवढे मात्र झाले की आमचे भांडण पुन्हा कुत्रीपुरते राहिले. त्याआधी ते 'तू मला गृहीत धरतोस' इथपर्यंत गेले होते आणि तिथे खरोखर कुत्रीचा काही संबंध नव्हता.

तुमच्या नवऱ्यालाही भीती आहे, हे ध्यानात घ्या. एकटेपणाच्या वर्षांत ज्याने सोबत केली त्याला हाकलले तर आपण कोण ठरतो, ही ती भीती असते. पुरुषाला ती सांगता येत नाही आणि मग तो हुकूम सोडतो. मी त्याचे समर्थन करत नाही. वही जरूर ठेवा.

साधा वकील

कायद्याच्या बाजूबद्दल थोडक्यात लिहितो, कारण अशा चर्चांत 'सोडून देणे' आणि 'दुसऱ्याला देणे' यांची सरमिसळ होते.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 नुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात ठेवलेला दंड 10 ते 50 रुपये इतका नाममात्र आहे, परंतु दंड लहान म्हणून कृत्य लहान होत नाही. खडकवासल्याच्या बाजूला गाडीतून उतरवून परत येणारी माणसे माझ्या परिचयातही आहेत. त्यांना पुन्हा घरी बोलवावेसे मला वाटले नाही. याउलट, सांभाळू शकणाऱ्या माणसाकडे रीतसर सोपवण्यात कोणताही गुन्हा नाही, त्यामुळे धागाकर्तींनी त्या बाबतीत मनावर दडपण ठेवू नये.

सोसायटीकडून दबाव येत असल्यास, पशू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. अर्थात इथे प्रश्न सोसायटीचा नाही, घरातल्या दोघांचा आहे आणि तो कलमांनी सुटणारा नाही. तो विकोपाला गेलेला मी पाहिला आहे. 2023 साली मुंबईतील एका दंडाधिकारी न्यायालयात विभक्त पत्नीच्या पोटगीचा विचार करताना तिच्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचाही विचार झाला होता. तिथवर जाण्यापेक्षा वही बरी.

अबोली

मी कुत्रा दिला आहे, एकदा चुकीच्या आणि एकदा बऱ्या पद्धतीने, म्हणून लिहिते.

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा आमचा जर्मन शेफर्ड सहा वर्षांचा होता. त्यांच्या काठीला धडकून तो त्यांना दोनदा पाडणार होता. आमचेही असेच वाद झाले. शेवटी एका दुपारी नवरा रागाने म्हणाला, "घेऊन जा, कुठे न्यायचा तिथे." मी त्याला होकार समजले. ओळखीतून फार्महाऊस असलेले एक गृहस्थ मिळाले, ते त्याच दिवशी गाडी घेऊन आले, आणि मी पट्टा त्यांच्या हातात दिला. नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

दोन महिन्यांनी आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो फाटकाजवळ लोखंडी साखळीला बांधलेला होता. साखळी जिथवर पोहोचते तिथवर जमिनीवर गवत उरले नव्हते, एक पूर्ण गोल उघडा पडला होता. मानेवरचे केस झडले होते. त्याने आम्हाला ओळखले, पण तो भुंकला नाही. आम्ही त्याला तसाच परत आणला. येताना नवऱ्याने गाडीत मला विचारले की तू त्या घरी आधी का गेली नाहीस, आणि मी विचारले की तू का आला नाहीस. दोन्ही प्रश्न बरोबर होते.

दुसऱ्या वेळी आम्ही पाच महिने घेतले. जिथे कोणीतरी दिवसभर घरात असते असे निवृत्त जोडपे चिंचवडला मिळाले. आधी ते आमच्याकडे येऊन त्याला फिरवून नेत, मग तो शनिवार-रविवार त्यांच्याकडे राहू लागला, मग एक पूर्ण आठवडा. देताना त्याची गादी, पाण्याचे भांडे, लसीकरणाचे कार्ड आणि त्याच्या सवयींचा दोन पानी कागद दिला. फटाके वाजले की तो न्हाणीघरात बसतो, तिथला दिवा चालू ठेवावा, असे त्यात नवऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. जमले नाही तर कोणत्याही दिवशी परत घेऊ, असा शब्द दिला. सोडायला दोघे मिळून गेलो. तो त्यांच्याकडे आणखी पाच वर्षे होता.

सांजवात, तुम्हाला द्यायचाच झाला तर घाईने देऊ नका आणि एकटीने तर मुळीच देऊ नका. ठेवायचा झाला तरी तेच. मौनाला होकार समजून घेतलेला निर्णय आमच्या घरात दोन वर्षे जेवणाच्या ताटावर येत राहिला.

कोकणकडा

रानवारा आणि अबोली यांचे लेखन वाचून माझी सूचना मी मागे घेतो. आमच्याकडची कुत्री अंगणातच जन्मतात आणि तिथेच वाढतात, हा फरक मी लक्षात घेतला नव्हता.

सांजवात

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांचे प्रतिसाद मी नवऱ्याला दाखवले. घरातली गोष्ट इथे नेली म्हणून तो दोन दिवस रागावला होता, आणि मी त्याची क्षमा मागितली. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पशुवैद्यांची वेळ घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी बंड्याला टेबलावर चढवायला सांगितले आणि त्याचे डोके नवऱ्याला धरायला लावले. त्यांनी डाव्या कानाची पाळी नुसती उलटली, तर बंड्या माणसासारखा ओरडला आणि त्याने तोंड नवऱ्याच्या काखेत खुपसले. आतला भाग कच्च्या मांसासारखा लाल होता आणि काळपट मळ पार खोलवर गेला होता. दोन्ही कानांत बुरशीचा संसर्ग निघाला. एक्स-रेमध्ये उजव्या कमरेचा सांधा बराच झिजलेला दिसला. परत येताना नवरा रिक्षात काहीच बोलला नाही. घराजवळ आल्यावर एवढेच म्हणाला, "मी रोज सकाळी त्याच कानाला धरून त्याला उठवतो." मला त्याला काही बोलावेसे वाटले नाही, कारण त्याच कानांचा वास मलाही दोन महिने येत होता.

वही आम्ही ठेवली. आकडे लिहीत नाही, मुळाकाठ यांच्यापेक्षा ते फार निराळे नव्हते. नवऱ्याने ती वही वाचली आणि 'तू मुलीवर लक्ष ठेव' हे वाक्य मागे घेतले, शब्दशः, वाक्य उच्चारून. मीही माझे मागे घेतले. आता दुपारी फिरवायला सोसायटीतलाच एक महाविद्यालयीन मुलगा येतो. आठवड्यातले दोन दिवस नवऱ्याने घरून काम मागून घेतले आहे. रात्री आल्यावर तो हात-पाय धुतो आणि जेवणाआधी बंड्याचे कान पुसून थेंब घालतो. बाल्कनीकडच्या खोलीच्या दाराला सुताराकडून कमरेइतके उंच जाळीचे फाटक लावून घेतले आहे. लेक जागी असेल तेव्हा बंड्या त्याच्या पलीकडे आणि ती झोपली की तो घरभर. सासूबाईंना आधी ते फाटक आवडले नव्हते, आता कडी लागली आहे की नाही हे त्याच दहा वेळा पाहतात.

दहा दिवस बंड्या धडधाकट राहिल्याने बालरोगतज्ज्ञांनी लेकीची 14व्या दिवसाची सुई वगळली. 28व्या दिवसाची दिली आणि ते प्रकरण संपले.

तो राहणार की जाणार, हे अजून ठरलेले नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी बसून ठरवायचे आहे. तोवर कान बरे झालेले असतील. कान बरे झाल्यावरही तो लेकीकडे पाहून ताठ झाला किंवा गुरगुरला, तर तो साताऱ्याला माझ्या नणंदेकडे जाईल. तिची मुले मोठी आहेत, घराला अंगण आहे आणि बंड्या तिला पिल्लू असल्यापासून ओळखतो. हे नाव नवऱ्याने स्वतः सुचवले आणि वन्संशी फोनवर तोच बोलला. बोलताना तो बाल्कनीत गेला आणि त्याने दार लावून घेतले. अबोली, तुमचा अनुभव त्याने दोनदा वाचला. जायची वेळ आलीच तर आधी आठवडाभर दोघांनी तिकडे राहायचे असे त्यानेच सांगितले आहे.

माझी भीती गेलेली नाही. फरशीवर त्याच्या नखांचा आवाज झाला की हातातले काम टाकून मी आधी लेक कुठे आहे ते पाहते. नवरा आता त्यावर काही म्हणत नाही, तोही मान वर करून पाहतो.

रानवारा, एक विचारायचे राहिले. सांध्यांच्या औषधाने त्याला आराम आहे, परंतु गेले दोन दिवस पहाटे गारवा वाटू लागल्यापासून उठताना तो पुन्हा अडखळतो. थंडीत दुखणे वाढते का? त्याच्या खाली सध्या पातळ सतरंजी आहे, आणि त्या खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात.

रानवारा

थंडीत सांधे आखडतात, त्यामुळे उठताना त्रास वाढलेला दिसेल. सतरंजी काढा आणि चार बोटे जाडीची, दाबली तरी तळाला न टेकणारी गादी द्या. ती वाऱ्याच्या झोतात येणार नाही अशी भिंतीलगत ठेवा. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबराची किंवा काथ्याची पट्टी अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापा, नखे वाढली असतील तर तीही. फिरवणाऱ्या मुलाला सांगा की एक लांब फेरी न मारता दोन छोट्या माराव्यात आणि जिन्याऐवजी लिफ्ट वापरावी. वजन किती आहे ते कळवा, दोन-तीन किलो कमी झाले तरी सांध्यावरचा भार बराच हलका होईल. औषधाची मात्रा मात्र स्वतःहून वाढवू नका, तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा.